आमदार निधीतून शाळेचं काम: पत्र मिळतं, मग फाइल अडते कुठे?

आमदारांचा कार्यअहवाल घरोघरी येतो. मधल्या पानांवर ‘शिक्षण’ असं शीर्षक असतं आणि खाली गावांची यादी: अमुक जिल्हा परिषद शाळेला वर्गखोली, तमुक शाळेला संरक्षक भिंत, आणखी कुठे स्वच्छतागृह. यादीत आपलं गाव दिसलं की व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. वर्ष उलटतं, भिंतीचा पत्ता नसतो, आणि पारावर दोनच मतं निघतात: आमदारांनी फसवलं, नाहीतर ठेकेदारानं पैसे खाल्ले.

बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. फाइल एका कागदासाठी पडून असते आणि तो कागद गावातूनच जायचा राहिलेला असतो.

मुळात आमदार निधी (सरकारी नाव आमदार स्थानिक विकास कार्यक्रम) आमदारांच्या खात्यात नसतो. २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात हा निधी दर आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये झाला. पण आमदार फक्त काम सुचवतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, कागद जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांचं कार्यालय तपासतं आणि काम जिल्हा परिषदेचं बांधकाम खातं किंवा तशीच दुसरी सरकारी यंत्रणा करते. आमदारांचं पत्र हा या साखळीचा पहिला दुवा. गावकरी मात्र तोच शेवटचा समजून घरी जाऊन बसतात.

पुढचा क्रम जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी लिहिला आहे. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत यंत्रणांची नावं बदलतात, क्रम साधारण हाच राहतो.

## आधी कार्यअहवाल नीट वाचा

‘पाठपुरावा सुरू’ याचा अर्थ कुणालातरी पत्र गेलं आहे. ‘प्रस्तावित’ म्हणजे नाव यादीत आहे, कागद तयार नाहीत. ‘भूमिपूजन संपन्न’ एवढ्यावरूनही काही कळत नाही, कारण नारळ फोडायला कार्यारंभ आदेश लागत नाही. ‘मंजूर’ हा शब्द सगळ्यात फसवा. शिफारस झाली तरी मंजूर म्हणतात आणि प्रशासकीय मान्यता मिळाली तरी मंजूरच म्हणतात.

म्हणून आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: “प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय?” उत्तर मिळालं तर थेट टप्पा ६ वर जा. “साहेबांनी पत्र दिलंय” असं उत्तर आलं, तर टप्पा १ पासून सुरुवात करा.

अहवालात शिष्यवृत्तीची शिबिरंही असतात. तिथे फॉर्म भरला म्हणजे अर्ज झाला असं धरून बसू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज क्रमांक लिहून घ्या आणि तो महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे गेला का ते आठवड्याभरात पाहा. बँकेत आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी तेच खातं एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) जोडलेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन ही दुसरी गोष्ट विचारा. एवढं सोडलं तर बाकीचा लेख शाळेच्या बांधकामाचाच आहे.

## टप्पा १: काम ठरवा, आणि ते कुणाच्या खिशातलं आहे तेही

फळा रंगवणं, नळाची तोटी, खिडकीची तावदानं यांसाठी आमदारांकडे जाऊ नका. त्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३१ ते १०० असेल तर त्याची वर्षाची मर्यादा २५,००० रुपये आहे, १०१ ते २५० असेल तर ५०,०००. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातूनही छोटी कामं होतात. शिक्षकाचा पगार, वीजबिल असा दरवर्षीचा खर्च आमदार निधीतून मागण्यात अर्थ नाही. हा निधी कायम टिकणाऱ्या, सार्वजनिक मालकीच्या कामांसाठी आहे: खोली, भिंत, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी.

काय मागायचं हे शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवावं, एकट्या सरपंचानं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं कामच आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेला काय हवं ते दिलं आहे. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, अडथळा नसलेला प्रवेश. मागणी यातल्या कमतरतेला जोडली की “हेच काम का?” या प्रश्नाचं उत्तर आपोआप तयार होतं. स्वागत कमान मागायला येणारी गावंही असतात. त्यांच्या पुढे तुमचा अर्ज जायला हवा.

तपासा: युडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर, तुमच्या शाळेची माहिती काय भरली आहे ते मुख्याध्यापकांसोबत बसून पाहा. तिथे चार खोल्या ‘सुस्थितीत’ आणि अर्जात ‘दोन खोल्या धोकादायक’ असं असेल, तर पहिलाच अधिकारी फाइल परत पाठवेल. आधी तिथली नोंद दुरुस्त करून घ्या.

## टप्पा २: जागेचा कागद

सगळ्यात जास्त फायली इथे मरतात, म्हणून इथे घाई करू नका.

शाळेची जागा जुन्या काळी गावातल्याच कुणीतरी तोंडी दिलेली असते. शाळा उभी राहते, पिढ्या शिकून जातात, आणि सातबाऱ्यावर आजही देणाऱ्याच्या नातवंडांची नावं असतात. सरकारी पैसा खासगी नावाच्या जमिनीवर खर्च होत नाही. अशा वेळी वारसांकडून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावं लागतं आणि मग तलाठ्याकडे फेरफार. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कागद तेच आहेत. एक वारस पुण्यात आणि एक सुरतेला असेल तर सह्या गोळा करण्यातच दोन-तीन महिने जातात. ते महिने आमदारांच्या पत्राआधी जाऊ द्या, नंतर नको.

जागा गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. तिथे नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. इथे एक गफलत नेहमी होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही इमारतींच्या कर आकारणीची नोंद आहे. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा खातेदाराच्या शेतजमिनीचा उतारा. लोक घाईत आठ-अ जोडतात आणि फाइल त्रुटीत जाते.

जुनी मोडकी खोली पाडून तिथेच नवी बांधायची असेल, तर आणखी एक पायरी आहे: निर्लेखन, म्हणजे जुनी इमारत दफ्तरातून कमी करणं. जिल्हा परिषदेच्या दफ्तरी ती खोली जोवर मालमत्ता म्हणून उभी आहे, तोवर ती कुणालाही पाडता येत नाही, भिंत पोटात आली असली तरी. उपअभियंत्यांचा ‘इमारत धोकादायक’ असा दाखला, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव आणि जिल्हा परिषदेची निर्लेखन मंजुरी, या क्रमानं ते होतं. गावानं उत्साहात श्रमदानानं खोली पाडली आणि नंतर मुख्याध्यापकांना खुलासे देत बसावं लागलं, असं होऊ देऊ नका. बरं, मंजुरी येईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सावधान: “जागेचं नंतर बघू, आधी पत्र तर घेऊ” असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याचं ऐकू नका.

## टप्पा ३: ठराव

दोन ठराव हवेत: शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा. ग्रामसभेचा मिळाला तर उत्तम. ‘शाळेच्या विकासासाठी निधी मिळावा’ असा मोघम ठराव निरुपयोगी. असा लिहा:

“जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (वस्तीचे नाव), युडायस क्रमांक (अकरा अंकी), या शाळेच्या पूर्व व उत्तर बाजूस संरक्षक भिंत बांधणे, अंदाजे लांबी (इतके) मीटर, हे काम आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून घेण्यास मान्यता देण्यात येत आहे. सदर जागा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असून वादग्रस्त नाही. सदर काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून झालेले अथवा मंजूर नाही. काम पूर्ण झाल्यानंतर देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.”

युडायस क्रमांक का? कारण एका गावात गावठाणातली शाळा, मळ्यातली वस्तीशाळा आणि उर्दू शाळा अशा तीन शाळा असू शकतात, आणि पत्रात नुसतं गावाचं नाव आलं तर भिंत भलत्याच शाळेला जाते किंवा कुठेच जात नाही. काही गावांची नावं तर एकाच तालुक्यात दोनदा असतात, बुद्रुक आणि खुर्द.

‘अन्य योजनेतून मंजूर नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी खरंच विचारून घ्या. तीच भिंत जिल्हा वार्षिक योजनेत किंवा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधीच बसलेली असते आणि समितीला पत्ता नसतो. एकच काम दोन योजनांत निघालं तर चौकशी लागते, आणि ती सही करणाऱ्यांच्या मागे लागते. ग्रामसेवक आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालय, दोन्हीकडे विचारा.

## टप्पा ४: अंदाजपत्रक आधी, पत्र नंतर

नेहमीचा उलटा क्रम असा असतो. आमदार गावात येतात, कुणीतरी भिंतीची मागणी करतं, आमदार व्यासपीठावरूनच “पाच लाख दिले” म्हणतात, टाळ्या पडतात. मग शाखा अभियंता मोजमाप घेतात आणि आकडा निघतो साडेआठ लाख. आता एकतर भिंत अर्धी होणार किंवा उरलेल्या रकमेसाठी फाइल थांबणार. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूनं गुरं आत, असं चित्र दिसलं की समजायचं, आकडा टाळ्यांतून आला होता.

म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाला लेखी पत्र द्या आणि शाखा अभियंत्यांना जागेवर बोलवा. ते येतील तेव्हा मुख्याध्यापक आणि समितीचा एक सदस्य हजर हवाच. भिंत कुठून कुठे, फाटक कुठे, पावसाचं पाणी कोणत्या बाजूनं वाहतं, हे अभियंत्यांना कागदावर दिसत नाही, तुम्हीच दाखवायचं. भिंतीला पाणी जायला जागा ठेवली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं.

अंदाजपत्रक हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. ते चालू वर्षाच्या सरकारी दरसूचीवर आहे ना? जीएसटी, वाळू-खडीवरची रॉयल्टी, साहित्य चाचणी हे सगळं धरून एकूण रक्कम आली आहे ना? आणि कामाचं नाव ठरावातल्या नावाशी शब्दशः जुळतं ना? तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ठरावात ‘संरक्षक भिंत’, अंदाजपत्रकात ‘कंपाउंड वॉल’ आणि पत्रात ‘कुंपण’ असं आलं की नियोजन कार्यालयातला कारकून ही तीन वेगळी कामं समजतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच समजलो असतो.

## टप्पा ५: अर्ज आणि भेट

वेळ साधा. निधी आर्थिक वर्षाचा असतो, एप्रिल ते मार्च. उन्हाळ्याच्या सुट्टीत कागद जमवून जून-जुलैत अर्ज देणाऱ्याचं काम मार्गी लागायला आठ-नऊ महिने हातात असतात. जानेवारीत जाणाऱ्याला “पुढच्या वर्षी बघू” हेच ऐकावं लागतं. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते.

अर्ज एका पानाचा ठेवा. वर कामाचं नेमकं नाव, युडायस क्रमांक, पट, अंदाजपत्रकाची रक्कम, खाली जोडपत्रांची यादी. सोबत जागेचा उतारा, दोन्ही ठराव, अंदाजपत्रक आणि चार फोटो. फोटोत मुलं रांगेत उभी नकोत, पडकी बाजू हवी. शिष्टमंडळ पंधरा जणांचं नेऊ नका. मुख्याध्यापक सरकारी नोकर असल्यानं त्यांना पुढे करू नका, समितीच्या अध्यक्षांनी बोलावं. आमदारांपेक्षा स्वीय सहायकांशी झालेलं दहा मिनिटांचं बोलणं जास्त कामाचं ठरतं, कारण पत्राचा मसुदा तेच करतात.

विधानसभेच्या आमदारांची यादी भरली असेल तर विधान परिषदेच्या सदस्यांकडे जा. त्यांनाही हा निधी असतो, आणि शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांकडे शाळेचं काम घेऊन जाण्यात तर काहीच गैर नाही.

तपासा, पत्र हातात पडताच तिथेच: पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आहे का? कामाचं नाव, शाळा, गाव, तालुका बरोबर आहे का? रक्कम अंदाजपत्रकाइतकी आहे का? काम करणारी यंत्रणा लिहिली आहे का? सरपंचांच्या नावे ‘आपली मागणी विचाराधीन आहे’ असं पत्र मिळालं असेल, तर ते फ्रेम करून लावायच्याच उपयोगाचं.

## टप्पा ६: पत्रानंतरचा पाठपुरावा

आता आमदारांच्या कार्यालयात फेऱ्या मारणं थांबवा. तुमचा पत्ता आता जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालय, साधारणपणे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातच. तिथे पत्राचा आवक क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक फोनवर गावाचं नाव नको, हा क्रमांक सांगा.

यानंतर कागद यंत्रणेकडे जातो, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता निघते. तो आदेश म्हणजे खरी मंजुरी. त्याची प्रत समितीच्या फाइलला लावा. मग निधी वितरण, निविदा आणि कार्यारंभ आदेश. पंधरा दिवसांनी एक फोन, महिन्यातून एक चक्कर, एवढं पुरतं. त्रुटी निघाली तर ती तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. तोंडी त्रुटी दर खेपेला बदलते.

दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, कागद मागा: “(कामाचे नाव) या कामाच्या तांत्रिक मान्यतेची, प्रशासकीय मान्यता आदेशाची व निधी वितरण आदेशाची प्रत.” बरेचदा अर्ज पोचल्यावरच फाइल हलते.

सावधान: फाइल पुढे सरकवायला कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. ‘साहेबांचा माणूस’ म्हणून आलेल्या मध्यस्थालाही हेच लागू.

## टप्पा ७: काम सुरू झाल्यावर

काम शक्यतो सुट्टीत व्हावं असं सगळ्यांना वाटतं, पण मे महिन्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात बांधकामाला पाणी कुठून आणणार? जिथे प्यायला टँकर येतो तिथे स्लॅबवर पाणी कोण मारणार? तिथे दिवाळीनंतर काम घ्या, दोन वर्ग तात्पुरते समाजमंदिरात हलवा आणि बांधकामाभोवती पत्रे लावून घ्या. सळ्या आणि खड्डे उघडे असताना शाळा भरणं धोक्याचं आहे.

समितीला मोजमाप पुस्तिकेवर (झालेल्या कामाच्या मापांची अभियंत्यांची नोंदवही) सही करायचा अधिकार नाही, बघायचा आहे. पाया भरण्याआधी खड्ड्यात टेप धरून तारखेसह फोटो काढा. एकदा माती लोटली की खोली किती होती हे कुणीच सांगू शकत नाही. स्लॅबवर आळी बांधून किमान आठ-दहा दिवस पाणी साठवलेलं हवं, सकाळी पाइप फिरवून गेले याला पाणी मारणं म्हणत नाहीत. कामाच्या जागी योजनेचं नाव, रक्कम आणि ठेकेदार लिहिलेला फलक लावून घ्या. काही चुकताना दिसलं तर गवंड्याशी भांडू नका, शाखा अभियंत्यांना फोटोसह लेखी कळवा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

## टप्पा ८: ताब्यात घेताना

उद्घाटनाची तारीख आमदारांच्या सवडीनं ठरते, ताबा तुमच्या सवडीनं घ्या. मुख्याध्यापकांनी ताबा पावतीवर सही करण्याआधी दारं लावून-उघडून पाहावीत, स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी चढतं का ते बघावं, रॅम्पवरून चाकाची खुर्ची खरोखर चढते का हे करून बघावं. अपुरं राहिलेलं पावतीवरच लिहावं. पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत घ्यावी, शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत आणि पुढच्या युडायस प्लसमध्ये नवी खोली चढवावी.

करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत निघालेली गळती, तडे ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात. ही तारीख उपअभियंत्यांकडून लेखी घ्या आणि कार्यालयातल्या भिंतीवर लावा. पहिल्या पावसात स्लॅब गळला की त्याच आठवड्यात फोटोसह पत्र द्या आणि पोच घ्या. मुदत संपल्यावर त्याच गळतीसाठी पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करावी लागते.